ऑफिस सुटलं की निघू...!

गणपतीला गावी जायचंय. गाडी सर्व्हिसिंग होऊन आलीय, टायरमध्ये हवा आहे, वायपर नवेकोरे आहेत. आणि ड्रायव्हर? तो सकाळी सव्वासहापासून जागा आहे, बॉस!

श्रावण अर्ध्यावर आला की मुंबई-ठाण्याच्या प्रत्येक ऑफिसात एक प्रश्न हमखास कानावर येतो. ‘काय रे, कधी निघतोयस?’ कुठे, ते विचारायची गरजच नसते. ज्याचं गाव पनवेलच्या पुढे, तो गणपतीला निघणारच. रेल्वेचं रिझर्व्हेशन दोन महिने आधी उघडतं आणि सकाळी आठला लॉगिन करून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत वेटिंग लिस्टवर जातं. एसटीच्या जादा गाड्या असतात, पण त्यात मखर, दोन सुटकेस, आईच्या तीन पिशव्या आणि वहिनीची झोपाळू लेक, एवढं सगळं कसं मावणार? मग उरते आपली गाडी. ईएमआय भरतोयच, तर वर्षातून एकदा ती गावच्या खळ्यात उभी राहायला नको का?

आणि मग तो ऐतिहासिक निर्णय होतो. ‘ऑफिस सुटलं की निघू. रात्री रस्ता मोकळा असतो. पहाटे गावात!’

हे वाक्य मी स्वतः सलग चार वर्षं म्हटलंय. पहिल्या तीन वर्षी काही झालं नाही, म्हणून चौथ्या वर्षी जरा जास्तच कॉन्फिडन्सने म्हटलं.

त्या दिवशी घरी पोचलो साडेआठला. जेवण, सामान, ‘गॅस बंद केला का’ वगैरे होईस्तोवर सव्वाअकरा वाजले. शेजारच्या सीटवर मावसभाऊ, मागे आई, वहिनी आणि वहिनीची सहा वर्षांची लेक आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी. डिकीत मखर, त्यामुळे पितळेची समई वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या काचेजवळच्या फळीवर. वडखळला तासभर अडकलो, माणगावला आणखी तेवढेच. मावसभाऊ कोलाडपर्यंत गप्पा मारत होता. मग त्याचं डोकं काचेला टेकलं.

लोणेरे गेलं. रस्ता मोकळा झाला. साडेचारला महाडच्या अलीकडे मी काय पाहिलं, ते मला आजही सांगता येत नाही, कारण मी काहीच पाहिलं नाही. एकदम खडखडाट झाला. गाडी डावीकडे कच्च्यात उतरली होती, समोर डायव्हर्जनचा प्लॅस्टिकचा ड्रम. ब्रेकवर उभाच राहिलो. डावा आरसा गेला. पोरगी सीटखाली पडून रडायला लागली, कपाळाला टेंगूळ. आणि समई? ती मागून उडून थेट माझ्या आणि मावसभावाच्या मधून पुढे आली आणि डॅशबोर्डवर आपटली. चार बोटं इकडे किंवा तिकडे झाली असती तर, जाऊ दे.

आई म्हणाली, ‘झोप लागली होती का रे तुला?’

मी म्हटलं, ‘नाही गं, खड्डा होता.’

खड्डा नव्हता. तो पट्टा नव्या काँक्रीटचा होता, गुळगुळीत.

सतरा तासांचं गणित

सुट्टीतल्या ड्रायव्हिंगवर दरवर्षी भरपूर लिहून येतं. टायर तपासा, ब्रेक ऑइल बघा, दारू पिऊन चालवू नका. सगळं बरोबरच आहे. पण आपल्यासारख्या नऊ ते सात वाल्यांचा प्रॉब्लेम वेगळा आहे. आपण पिऊन गाडी चालवत नाही म्हणून स्वतःवर खूश असतो, आणि बाकी सगळं ठीकच आहे असं समजतो.

१९९७ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांचा एक छोटासा लेख आला होता. त्यांनी साधी गोष्ट केली. काही लोकांना एकदा सलग जागं ठेवलं आणि एकदा थोडी थोडी दारू दिली, आणि दोन्ही वेळा त्यांच्या हात-डोळ्यांचा मेळ किती राहतो ते मोजलं. सलग १७ तास जागल्यावर माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा वागायला लागतो, असं त्यात दिसलं. २४ तासांनंतर ०.१० टक्के असल्यासारखा.

आता आपला कायदा बघा. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के, ही आपल्याकडची मर्यादा. तिच्यावर गेलात तर पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

सव्वासहाला उठून सातची लोकल पकडणारा माणूस रात्री सव्वाअकराला गाडीची चावी फिरवतो, तेव्हा त्याचे बरोबर १७ तास भरलेले असतात. म्हणजे सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडतानाच तो मर्यादेच्या वर गेलेल्या माणसासारखा असतो. फरक इतकाच, की त्याला नाक्यावरचा हवालदार थांबवू शकत नाही. झोप मोजायचं यंत्र कुणाच्या हातात नसतं. तोंडाला वास येत नाही. आणि बायको ‘तू चालवू नकोस’ असं म्हणत नाही, उलट थर्मासमध्ये चहा भरून देते.

त्यात भर म्हणजे आपल्या शरीरातलं घड्याळ. मध्यरात्रीनंतर दोन ते सकाळी सहा या वेळात ते आपल्याला झोपवायला टपलेलंच असतं, मग तुम्ही कितीही उत्साही असा. दुपारी जेवणानंतर दोन ते चारलाही एक छोटा झोका येतो, पण पहाटेचा खरा. रात्री अकराला ठाणं सोडलं की तो नेमका महाड-पोलादपूरच्या आसपास गाठतो. डोळे उघडे असतात, स्टिअरिंगवर हात असतात, आणि मेंदू तीन-चार सेकंद बंद पडतो. ताशी ८० च्या स्पीडला एका सेकंदात गाडी २२ मीटर जाते. चार सेकंदांत जवळजवळ ९० मीटर. लोकलच्या चार डब्यांएवढं अंतर, आणि गाडी कुणीच चालवत नाहीये.

घाट गेला, झोप आली

जुन्या चाकरमान्यांना हे पटत नाही. ‘आम्ही काय रात्री गेलो नाही? पेट्रोमॅक्सच्या जमान्यापासून जातोय.’ काकांचा मुद्दा अगदीच चूक नाही. एनएच १७ होता तेव्हा कशेडीची वळणंच ड्रायव्हरला जागं ठेवायची. समोरून येणाऱ्या ट्रकच्या भीतीनं पोटात गोळा असायचा. भीती ही कॉफीपेक्षा भारी असते.

आता त्याचा एनएच ६६ झालाय. कशेडीला बोगदा आला, घाटाची चढण-उतरण वाचली. चौपदरीकरणाचं काम २०११ ला सुरू झालं आणि २०२५ च्या गणपतीतसुद्धा इंदापूर, माणगावचे बायपास पूर्ण नव्हते. म्हणजे होतं काय, की दहा-पंधरा किलोमीटर रस्ता असा मस्त, सरळ, की पापण्या आपोआप जड होतात. आणि मग अचानक, दिवा नाही, बाण नाही, एक ड्रम आणि डावीकडे वळवलेली मातीची वाट. झोपवायचं काम अर्धा रस्ता करतो आणि उठवायचं काम उरलेला अर्धा. रस्त्याला शिव्या घालायचा हक्क प्रत्येक कोकणवाल्याला आहे आणि तो आपण बजावतोच. पण डायव्हर्जन कुठे आहे हे जाग्या माणसाला शंभर मीटरवरून दिसतं, हेही खरं.

त्यात गणपती म्हणजे पावसाचेच दिवस. काचेवर सतत एका लयीत फिरणारे वायपर ही तर अंगाईच. (एक बाजूला सांगतो, पावसात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून जाणाऱ्या मंडळींनो, तुम्ही कुठे वळणार आहात ते मागच्याला कळत नाही हो. ते दिवे थांबलेल्या गाडीसाठी असतात.)

काच खाली, गाणी फुल्ल

झोप आली की आपण काय करतो? काच खाली करतो. आवाज वाढवतो. चेहऱ्यावर बाटलीतलं पाणी मारतो. चिप्स खातो, च्युइंगम चघळतो. मावसभावाकडे तर एक खास उपाय होता, स्वतःच्या मांडीला चिमटे काढायचा! हे सगळं करून पाच-दहा मिनिटं बरं वाटतं, आणि तेच वाईट. कारण त्या पाच मिनिटांत आपल्याला वाटतं, की झोप गेली. ती गेलेली नसते.

झोपेवर एकच इलाज आहे, झोप. थोडी तरी. डोळे चुरचुरताहेत, मागचे चार-पाच किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही, गाडी पट्टीला घासून परत येतेय, पुढच्या गाडीचा लाल दिवा एकदम जवळ दिसला, यातलं एक जरी झालं तरी गाडी बाजूला घ्या. पण रस्त्याच्या कडेला, अंधारात, ट्रकच्या मागे नव्हे. पेट्रोल पंपावर, हॉटेलच्या आवारात, पोलिसांच्या मदत केंद्राजवळ. गणपतीच्या दिवसांत या रस्त्यावर अशी केंद्रं उभी राहतात, तिथे दिवे असतात आणि माणसं असतात. एक कप कडक कॉफी किंवा चहा घ्या आणि लगेच सीट मागे करून १५-२० मिनिटं डोळे मिटा. कॅफिनला चढायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणजे उठता तेव्हा दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. पण अर्ध्या तासाच्या वर ताणू नका, नाहीतर उठल्यावर डोकं जड होतं. उठलात की लगेच स्टार्टर मारायचा नाही. दोन मिनिटं चाला, मग निघा.

आणि हेही लक्षात ठेवा, की या डुलकीवर पुढचे तास-दोन तास निघतात. कणकवलीपर्यंतचे सहा तास नाही.

आईला सगळं दिसत होतं

खड्ड्याची थाप मी वर्षभर रेटली. पुढच्या श्रावणात, पुन्हा प्लॅनिंग सुरू झालं तेव्हा, एकदा आईला खरं सांगून टाकलं. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, ‘मला तेव्हाच कळलं होतं. मी जागी होते. माणगावनंतर तू दोनदा डुललास, आरशात दिसत होतं.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तू गाडी चालवत होतास ना. म्हटलं, चिडशील.’

मला त्या ड्रमपेक्षा या वाक्यानं जास्त हलवलं. गाडीत एक माणूस झोपत होता, दुसऱ्या माणसाला ते दिसत होतं, आणि ती गप्प बसली, कारण मुलगा चिडेल. आपल्या घरांत ड्रायव्हरला टोकायचं नाही असा अलिखित नियम आहे. ‘तू पुढे बघ, मला शिकवू नकोस’ हे आपण आईला, बायकोला, बहिणीला किती सहज म्हणतो!

तेव्हापासून आमच्या गाडीत दोन नियम आहेत. शेजारच्या सीटवर बसेल त्याला झोपायचा हक्क नाही. झोपायचंय तर मागे जा, मागच्याला पुढे पाठव. आणि गाडीतल्या कुणीही, अगदी वहिनीच्या लेकीनंही, ‘थांब’ म्हटलं की पुढच्या पंपावर थांबायचं, कारण न विचारता. पहिल्या वर्षी पोरीनं सात वेळा थांबवलं. त्यातल्या पाच वेळा तिला आइस्क्रीम हवं होतं. चालतंय.

फोनही ड्रायव्हरकडे नसतो. गावाहून आत्याचा दर अर्ध्या तासाला फोन येतो, ‘खंय पावलास रे?’ त्याला उत्तर द्यायचं काम शेजारच्याचं.

आणि समई आता डिकीत, तळाला, चादरीत. वर काही नाही.

बेल्ट मात्र मागेसुद्धा लागतो. त्यासाठी आधी सीट कव्हर काढावं लागलं, कारण बेल्टची खाच गाडी घेतल्यापासून कव्हरखाली गाडली गेली होती. तुमच्या गाडीतही बघा, पैज लावतो, तिथेच असेल. सायरस मिस्त्री गेले ते गणपतीतच, ४ सप्टेंबर २०२२ ला, पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर. मागे बसलेल्या दोघांनीही बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं. ते दोघं गेले, पुढचे दोघं वाचले. त्या आठवड्यात सगळ्या मुंबईनं मागचे बेल्ट शोधून काढले होते. नंतर परत कव्हर चढलं.

‘ड्रायव्हर ठेवलाय आपण!’

हा एक हुशार उपाय वाटतो. भाड्याची गाडी, आपण मागे मस्त झोपायचं. पण सीझनमध्ये या गाड्यांची काय धावपळ असते ते एकदा बघा. काल रात्री सावंतवाडीला सोडलं, आज दुपारी रिकामी गाडी घेऊन परत आला, आणि रात्री दहाला तुमच्या बिल्डिंगखाली हजर. चार दिवसांची कमाई वर्षभर पुरवायची असते त्याला, त्याचा दोष नाही. पण गाडी ठरवताना एसी आहे का, कॅरिअर आहे का, इतकंच न विचारता ‘आदल्या रात्री कुठे भाडं आहे का?’ हेही विचारा. असेल तर दुसरा ड्रायव्हर मागा किंवा सकाळची वेळ ठरवा. वाटेत तो अर्धा तास झोपतो म्हणाला तर घड्याळ बघू नका. आणि हॉटेलवर आपण पोटभर जेवतो तेव्हा त्याला गाडीजवळ उभं ठेवू नका, प्लीज.

बाईकवरून जाणाऱ्यांसाठी जास्त सांगत नाही. साडेचारशे किलोमीटर, पाऊस आणि रात्र. बाईकवर डुलकी लागली तर समईला मध्येच अडवायला डॅशबोर्डही नसतो.

परतीचं कुणी बोलतच नाही

जाताना सगळे काळजी करतात. येताना? गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, तुम्ही आदल्या रात्री भजनात दीडपर्यंत टाळ कुटलेत, पहाटे फुलं काढायला उठलात, दुपारी वडे-सागोतीवर ताव मारलात, आणि आता संध्याकाळी निघायचं, कारण उद्या दहाला क्लायंट मीटिंग. पाच दिवसांची अर्धवट झोप साठलेली असते. शिवाय जाताना जी हुरहूर जागं ठेवते, ती येताना नसते. माझ्या मते परतीची रात्र जाण्याच्या रात्रीपेक्षा वाईट. रजा मागताना आपण नेहमी पुढचा दिवस वाढवून घेतो, मागचा नाही. तो मागचा एक दिवस मागा. विसर्जनानंतर एक पूर्ण रात्र गावी झोपा, आत्यालाही बरं वाटेल, आणि सकाळी चहा-घावणे खाऊन निघा.

जमत असेल तर दोघं ड्रायव्हर हवेत, आणि दर दोन तासांनी अदलाबदल. एकटाच चालवणारा असेल तर चिपळूणला किंवा खेडला रात्रीची खोली घ्या. सीझनमध्ये आधी बुक करावी लागते आणि महाग पडते, मान्य. बंपरच्या बिलापेक्षा स्वस्त. २०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेनं कोलाडहून वेर्ण्यापर्यंत गाडीच रेल्वेवर चढवून न्यायची सोयही करून पाहिली होती. अशी काही सोय यंदा आहे का, ते निघण्याआधी बघायला हरकत नाही.

फोनमध्ये सेव्ह करा

रुग्णवाहिकेसाठी १०८. पोलीस किंवा कुठलीही इमर्जन्सी, ११२. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली, अपघात झाला तर १०३३. आणि दुसऱ्याचा अपघात दिसला तर थांबायला घाबरू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, तुमचं नाव-गाव सांगायचीही सक्ती नाही. मात्र तुमची गाडी नीट कडेला, दिवे लावून उभी करा आणि मग उतरा.

यंदाचं आमचं ठरलंय. दुपारी घरी यायचं, जेवायचं, रात्री नऊला झोपायचं आणि पहाटे पाचला निघायचं. मावसभाऊ अजून कुरकुरतोय, ‘दिवसा ट्रॅफिक लागेल.’ लागेल. गेल्या वर्षीही लागलं, संध्याकाळी पोचलो. आत्या खळ्यात उभी होती. ‘इलास? बरां झालां,’ एवढंच म्हणाली आणि आधी पोरीच्या कपाळावरून हात फिरवला.

त्यासाठी बॉसकडे आदल्या दिवशीची हाफ डे टाकली. त्यानं केबिनमधून हाक मारली. ‘अरे, तू तर चतुर्थीच्या आदल्या दिवशी पहाटे निघणार ना? मग त्याच्याही आदल्या दिवशी दुपारी काय आहे?’

‘झोपायचंय, सर.’

त्यानं दोन सेकंद माझ्याकडे पाहिलं. रजा मंजूर केली. कारणाच्या रकान्यात मात्र स्वतःच्या हातानं ‘पर्सनल’ असं लिहिलं.